पंगत आणि पंक्तिप्रपंच

वृत्तपत्राच्या कचेरीत निरोपाची एक ठरलेली रीत असे. संध्याकाळी पाचच्या सुमारास, पहिल्या पानाची धांदल सुरू होण्यापूर्वी, सर्व मंडळी संपादकीय विभागात जमत. टेबलावरचे कागद बाजूस सारले जात, कोपऱ्यावरच्या हॉटेलातून गरम भज्यांची परात आणि चहाची किटली येई, निवृत्त होणाऱ्यास शाल व श्रीफळ दिले जाई, दोन भाषणे होत आणि सहाच्या ठोक्याला जो तो आपापल्या कामास लागे. भजी खाण्यास व्यवस्थापक असत, उपसंपादक असत, छपाईयंत्रावरची माणसे हाताची शाई पुसत येत आणि गठ्ठे बांधणारेही परातीभोवती उभे असत. परात एकच होती. म्हणून आत कोण आणि बाहेर कोण, हा प्रश्नच उद्भवत नसे.

गेल्या महिन्यात आमच्या छपाई विभागाचे फोरमन सेवानिवृत्त झाले. उमेदीच्या वयात जुळारी म्हणून ते छापखान्यात आले, तेव्हा एकेक खिळा हाताने उचलून ओळ जुळवावी लागे. पुढे ऑफसेट आले, संगणक आले, पाने पडद्यावर लागू लागली. प्रत्येक वेळी ते नवे काम शिकले आणि नव्या मुलांना शिकवीत गेले. अशा माणसाला भज्यांच्या परातीवर निरोप देणे आमच्या तरुण सहकाऱ्यांना अपुरे वाटले. त्यांनी पणजीतील एक नवे थाई उपाहारगृह निवडले आणि वर्गणीची यादी फिरवली. प्रथम सोमवार ठरला होता; सोमवारी निम्मी कचेरी शिवराक असते याची कोणी आठवण करून दिल्यावर मंगळवार ठरला. पाने लवकर लावून, रात्रपाळीच्या दोघांवर कचेरी सोपवून आम्ही चौदाजण कचेरीच्या टेम्पोतून आणि एका मोटारीतून तेथे पोहोचलो.

अग्रलेखाच्या जागी जेवणावळीची हकीकत कशासाठी, असे आमच्या वाचकांपैकी कोणी विचारील. जमिनींचा, खाणींचा, नोकऱ्यांचा प्रश्न समोर उभा असता संपादकांनी ताटात काय होते ते सांगत बसावे काय? आमचे उत्तर एवढेच की, आपल्या समाजात कोण कोणाबरोबर जेवतो हा प्रश्न कधीच किरकोळ नव्हता. सुधारणेच्या कित्येक लढाया सभागृहात पोहोचण्याआधी पंगतीत लढल्या गेल्या. त्या रात्री आम्हांस जे दिसले ते आमच्या कचेरीपुरतेच असते, तर आम्ही ते येथे मांडले नसते.

उपाहारगृहात शिरताच प्रथम जाणवला तो मंद उजेड. प्रत्येक टेबलावर खाली ओढलेल्या दिव्याचे एक पिवळे वर्तुळ, बाकी सारे अर्धवट काळोखात. सोनेरी मूर्ती नाहीत, हत्तींची चित्रे नाहीत. वेताचे काम, काळा दगड आणि साधी पांढरी भांडी. खाद्यपत्रावर आकड्यांपुढे रुपयाचे चिन्हही नव्हते. जणू ते आकडे पैशांचे नव्हेतच. आमच्या फोरमननी, जन्मभराच्या सवयीने, ते खाद्यपत्र मुद्रित तपासावे तसे वरपासून खालपर्यंत वाचले, इंग्रजी स्पेलिंगची एक चूक काढली, आणि मग उजव्या बाजूचे आकडे पाहून ते गप्प झाले. आम्हीही तेच आकडे पाहिले. पण आमचे गप्प होणे आणि त्यांचे गप्प होणे एक नव्हते, हे आम्हांस नंतर उमगले.

आमच्या रविवार पुरवणीचे काम पाहणारी एक तरुण सहकारी बँकॉकला काही दिवस राहून आली आहे. या जेवणाची रीत तिने आम्हांस समजावून दिली. थाई जेवणाच्या मध्यभागी, आपल्यासारखाच, भात असतो. जेवणे या क्रियेला तेथे ‘किन खाव’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ भात खाणे. कोणी भेटले की ‘किन खाव रू यांग’, म्हणजे ‘भात खाल्लास का’, असे विचारण्याची तेथे पद्धत आहे. हे ऐकताच टेबलावरील सर्वांच्या चेहऱ्यांवर एकदम ओळखीचे हसू उमटले; कारण ‘जेवलात का’ हे विचारल्याशिवाय आपल्याकडेही कोणाची विचारपूस पुरी होत नाही.

भात ज्याचा त्याला वेगळा, बाकी सारे सामाईक, ही या जेवणाची मांडणी. एक आंबट-तिखट सार, एक नारळाच्या रसातील कालवण, काही परतलेले, एक तिखट चटणी आणि तिच्याबरोबर कच्च्या भाज्या असे पदार्थ एकदमच टेबलावर येतात. या संचाला ‘साम्रप’ म्हणतात. आंबट, खारट, गोड आणि तिखट यांचा तोल एकाच वाडग्यात नव्हे, सर्व वाडगे मिळून साधलेला असतो. सामाईक वाडग्यातून एका वेळी चमचा-दोन चमचे घ्यावे, ते भाताशी खावे, मग दुसऱ्याकडे वळावे. ताटात ढीग करणे असभ्य. म्हणजे हे जेवण मुळातच अनेकांचे आहे. एकट्याला ते नीट जेवता येत नाही. चौघे असले तर चार चवी, दहा असले तर दहा.

काड्यांनी खावे लागेल अशी धास्ती काहींना होती, तीही निराधार ठरली. थाई माणूस काड्या वापरतो त्या मुख्यतः शेवयांसाठी. भात खाताना उजव्या हातात चमचा आणि डाव्या हातात काटा असतो, आणि काट्याचे काम घास चमच्यावर ढकलण्यापुरतेच. सुरीची गरज नसते, कारण सारे स्वयंपाकघरातच बेताचे चिरलेले असते. ही चमचा-काट्याची रीत एकोणिसाव्या शतकात राजदरबारातून पसरली. त्यापूर्वी थाई माणूस हातानेच जेवत असे, आणि उत्तर व ईशान्य भागांत चिकट भाताचे गोळे आजही हातानेच खाल्ले जातात.

हे अन्न आज इतक्या दूरवर आणि इतक्या थाटात का आले, यालाही इतिहास आहे. सयाम या देशाचे नाव १९३९ साली थायलंड झाले, आणि त्याच सुमारास पंतप्रधान फिबून यांच्या राजवटीने परतलेल्या शेवयांच्या एका पदार्थाला ‘पद थाई’ या नावाने राष्ट्रीय अन्नाचा मान देऊन त्याचा जाणीवपूर्वक प्रसार केला. २००२ साली त्या देशाच्या सरकारने जगभर थाई उपाहारगृहांची संख्या वाढवण्याची रीतसर मोहीम हाती घेतली. स्वयंपाक हाच त्यांनी आपला वकील केला. २०२४ साली ‘तॉम यम कुंग’ हे कोळंबीचे सार युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बँकॉकमधील ‘सॉर्न’ या दक्षिण थाई अन्नाच्या उपाहारगृहाला मिशेलिन मार्गदर्शिकेचे तीन तारे मिळाले. थाई अन्न देणाऱ्या उपाहारगृहाला हा मान प्रथमच लाभला. एखाद्या छोट्या देशाने आपल्या घरगुती कालवणाची किंमत जगाला पटवून द्यावी, यात हेवा करण्यासारखे पुष्कळ आहे. आमच्या हुमणाचे आणि शागुतीचे आम्ही काय केले, हा प्रश्न गोमंतकीयांनी स्वतःला जरूर विचारावा.

कारण ही दोन्ही स्वयंपाकघरे एकमेकांस अनोळखी नाहीत. १५१० साली गोवा आणि १५११ साली मलाक्का घेतल्यावर अल्बुकर्कने दुआर्ते फेर्नांदिस याला सयामच्या आयुथ्या या राजधानीस धाडले, आणि १५१६ साली पोर्तुगीज व सयाम यांच्यात तह झाला. अमेरिकेतून निघालेली मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर पूर्वेकडे पसरली. तिच्याआधी त्यांचे तिखट आणि आपले तिखट एकच होते, ते म्हणजे मिरी. आपण मिरीवरून मिरचीला नाव दिले. त्यांनी मिरीचे ‘प्रिक’ हे नावच मिरचीला देऊन टाकले आणि जुन्या मिरीला ‘प्रिक थाई’, म्हणजे थाई प्रिक, म्हणू लागले. पाहुणीने घर बळकावले आणि घरधनिणीला आपली ओळख सांगत बसावे लागले, असा हा भाषेचा विनोद.

आमच्या फोरमननी नारळाच्या रसातले पहिले कालवण चाखले आणि म्हणाले, ‘हे आपलेच, फक्त गवती चहा घातलाय.’ त्यांचे चुकले नव्हते. गवती चहा, आल्याच्या कुळातील कुळिंजन आणि मक्रूट लिंबाची पाने वजा केली, तर खाली नारळ, मिरची आणि मासळी उरते. मस्समान नावाचे भाजक्या मसाल्याचे कालवण आले तेव्हा तर ‘शागुती’ असा शब्द दोघा-तिघांच्या तोंडून एकदम निघाला. त्या कालवणाचे नाव ‘मुसलमान’ या शब्दाशी जोडले जाते, आणि त्यातील वेलची, दालचिनी, जिरे हा व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आलेला ऐवज आहे.

मग तुळशीचा पदार्थ आला. थायलंडमध्ये ‘पद कफ्राव’ हे कष्टकऱ्यांचे, कचेरीतल्या माणसांचे रोजचे जेवण: चिरलेले मांस, लसूण, मिरची आणि शेवटी मूठभर पाने परतून भातावर. ती पाने आपल्या अंगणातील वृंदावनातल्या तुळशीचीच. वास ओळखताच आमच्या मुद्रितशोधक बाईंनी हातातला चमचा खाली ठेवला. ज्या तुळशीचे लग्न आपण दर कार्तिकात लावतो, ती कोंबडीबरोबर परतलेली पाहणे त्यांना जड गेले, आणि ते आम्ही समजू शकतो. कोणी त्यांना आग्रह केला नाही, कोणी हसले नाही, आणि त्यांनीही खाणाऱ्यांना दोष दिला नाही. वाडगा फक्त टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवला गेला. दोघा शाकाहारी सहकाऱ्यांनी विचारणा केली तेव्हा वाढप्याने प्रामाणिकपणे सांगितले की, थाई कालवणाच्या वाटणातच बहुधा सुकी कोळंबी कुटलेली असते आणि मिठाच्या जागी मासळीचे आंबवलेले पाणी असते. त्यांच्यासाठी वाटण वेगळे करावे लागेल, वीस मिनिटे लागतील. ती वीस मिनिटे सर्व टेबल थांबले. आमच्या मते सहभोजनाचा खरा अर्थ या वीस मिनिटांत होता. सर्वांनी एकच खाल्ले पाहिजे असे नाही. सर्वांना खाता येईल अशी तजवीज झाली पाहिजे, आणि ती होईपर्यंत इतरांनी थांबले पाहिजे.

येथवर सारे गोड होते, आणि येथेच लेख संपला असता तर तो एका सुखद संध्याकाळचा वृत्तांत झाला असता. वाढपी मुलगा मणिपूरचा होता. फोरमननी त्याला हिंदीत विचारले, ‘तू जेवलास का?’ तो म्हणाला, पाचला जेवलो, आता रात्री सगळे आवरल्यावर. ‘किन खाव’चा धडा ऐकून आम्ही सारे हसलो होतो, तो धडा गिरवला मात्र एकट्या फोरमननी. आणि त्याच ओघात, इकडेतिकडे पाहत, त्यांनी आमच्या टेम्पोच्या चालकाची चौकशी केली. तो बाहेर, गाड्या लावण्याच्या जागेत बसला होता.

‘त्यांना जेवणाचे पैसे दिले आहेत, भाई,’ आम्ही म्हणालो.

‘पयशांचें विचारूंक ना हांवें,’ ते म्हणाले. ‘तो भायर कित्याक?’

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. म्हणजे उत्तर होते, पण ते मोठ्याने सांगण्याजोगे नव्हते. वर्गणी प्रत्येकी अठराशे रुपये ठरली होती. सर्वांना समान, कोणावर अन्याय नको म्हणून समान. पण अठराशे रुपये म्हणजे आमच्या वेतनातला एक लहानसा तुकडा, आणि गठ्ठे बांधणाऱ्या कंत्राटी कामगाराची तीन दिवसांची मजुरी. यादी त्यांच्याकडे गेली तेव्हा चालकाने आणि गठ्ठे बांधणाऱ्या दोघांनी ‘आम्हांला जमणार नाही’ असे म्हणून ती पुढे दिली. यादीत नाव नाही म्हणून टेबलावर खुर्ची नाही. कोणी त्यांना वगळण्याचा ठराव केला नाही, कोणाच्या मनात दुजाभाव नव्हता. यादीनेच ते काम केले. आणि त्या यादीवर पहिली सही आमची होती. दररोज हजारो शब्द वाचून, एखादी वेलांटी चुकली तरी थांबणारे आम्ही, त्या कागदावर न वाचताच सही करून मोकळे झालो होतो.

फोरमन उठले आणि बाहेर गेले. चालक सहजासहजी आला नाही. ‘मी इथे बरा आहे’ असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, असे नंतर कळले. ज्या माणसाच्या हाताखालून निघालेले गठ्ठे तो पहाटे तीन वाजता पेडण्यापासून काणकोणपर्यंत पोचते करण्यासाठी टेम्पो काढतो, त्याच्या शब्दाखातर तो आत आला. उपाहारगृहाच्या लोकांनी एका अक्षराने काही न विचारता पंधरावी खुर्ची आणली. त्याने भात हाताने कालवला. ते पाहून वाढप्याने न मागता कोमट पाण्याची वाटी आणि लिंबाची फोड त्याच्यासमोर आणून ठेवली. ज्या शिष्टाचाराच्या भीतीने आम्ही मनात अवघडलो होतो, तो शिष्टाचार त्या उपाहारगृहाचा नव्हताच. तो आमचाच होता. चालकाने फारसे खाल्ले नाही. तो मोकळा नव्हता, आणि खरे सांगायचे तर आम्हीही नव्हतो. एका खुर्चीने इतक्या वर्षांचे अंतर भरून निघत नाही.

मराठीत ‘पंक्तिप्रपंच’ असा एक शब्द आहे. एकाच पंगतीत बसलेल्यांपैकी एकाला तूप अधिक आणि दुसऱ्याला कमी वाढणे म्हणजे पंक्तिप्रपंच. वाढणाऱ्याने करू नये अशा गोष्टींत हा फार मोठा दोष मानला गेला. आपल्या पूर्वजांनी या दोषाला नाव दिले हे त्यांचे सूक्ष्मपण. पण पंगतीबाहेर ज्यांना बसवले, त्यांच्याविषयी त्यांनी तसा विचार केला नाही, हे त्यांचे आंधळेपण.

तो आंधळेपणा उघड करण्यासाठी पुष्कळांना किंमत मोजावी लागली. १८४९ च्या सुमारास मुंबईत निघालेल्या परमहंस सभेत प्रवेश करणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे. सभा गुप्त ठेवावी लागली ती त्या तुकड्यापायी. १८९० साली पुण्यात पंच हौद मिशनच्या आवारात चहाचा पेला पुढे आला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य ओढवले आणि प्रायश्चित्ताची पाळी आली. १९१७ साली केरळात चेराई येथे सहोदरन अय्यप्पन यांनी मिश्रभोजन घडवले. १९२७ साली महाडला तर अन्नही दूर, सार्वजनिक तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. आणि कोल्हापूरचे शाहू महाराज! पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे या आपल्या पागेतील सेवकाला त्यांनी चहाचे दुकान काढण्यास उत्तेजन दिले, आणि तेथे कोणी फिरकेना तेव्हा स्वतः गाडी थांबवून, बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींसह, त्याच्या हातचा चहा घेतला. छत्रपतींनी आपल्या सेवकाच्या दुकानी जाऊन घेतलेला तो चहा, कचेरीतील सहभोजनाचा आदर्श म्हणून आम्हांस आजही पुरेसा वाटतो. त्यांनी सेवकाला आपल्या वाड्यावर बोलावून उपकार केला नाही. ते त्याच्या दारी गेले.

१९५० च्या राज्यघटनेने पंधराव्या कलमात उपाहारगृहाचे नाव घेऊन सांगितले की, धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कोणासही तेथे प्रवेश नाकारता येणार नाही. १९६१ च्या मुक्तीनंतर ही हमी आम्हां गोमंतकीयांनाही लाभली. दार उघडले, ही लहान गोष्ट नव्हे. ज्यांनी बंद दारे पाहिली त्यांना तिचे मोल ठाऊक आहे. परंतु कायदा दार उघडू शकतो, खाद्यपत्राच्या उजव्या बाजूचे आकडे तो पुसू शकत नाही. जातीने जे काम उघडपणे केले, ते आज किंमत मुकाट्याने करते. आणि किंमत कोणाचेही नाव घेत नसल्यामुळे कोणालाही अपराधी वाटत नाही.

याचा अर्थ महागड्या उपाहारगृहात जाऊ नये असा नव्हे. कौशल्याला मोल असते. कुळिंजन सोलणाऱ्या, वाटण कुटणाऱ्या, मध्यरात्री भांडी घासणाऱ्या हातांचे वेतन त्या आकड्यांतूनच निघते. तरुणांनी दूरदेशीचे अन्न चाखावे, त्याची रीत समजून घ्यावी, हे आम्हांस मनापासून हवे आहे. भज्यांच्या परातीचे गोडवे गाऊन त्यांचा उत्साह मोडण्याची आमची इच्छा नाही. शिवाय, साहेबाशेजारी बसून जेवण्यात प्रत्येकाला आनंदच वाटेल असे समजणे हाही एक अहंकार आहे. कित्येकांना आपला डबा, आपली माणसे आणि आपली अर्ध्या तासाची मोकळीक अधिक प्रिय असते. न येण्याचे स्वातंत्र्य त्यांना असलेच पाहिजे. प्रश्न एवढाच की, ‘येत नाही’ आणि ‘येऊ शकत नाही’ यांतला फरक आपण विचारून घेतला काय?

हा फरक केवळ आमच्या कचेरीत नाही. जेथे अधिकाऱ्यांची खानावळ वेगळी आणि कामगारांची वेगळी आहे, जेथे दिवाळीची मिठाई कायम नोकरांना मिळते आणि कंत्राटी सफाईवालीला मिळत नाही, जेथे वार्षिक स्नेहभोजनाचे आमंत्रण हजेरीपटावरून निघते आणि सुरक्षारक्षकाचे नाव दुसऱ्याच कंपनीच्या पटावर असते, तेथे तेथे हीच यादी फिरत असते. १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृहाची तरतूद केली. २०२० च्या संहितेने ती मर्यादा शंभरावर आणली आणि त्या मोजणीत कंत्राटी कामगारांनाही धरले. कायद्याला जे मोजता आले, ते सहकाऱ्यांनाही मोजता यावे. जो आपल्याबरोबर काम करतो तो सहकारी, या साध्या शब्दाला पगारपत्रकाची पुस्ती कशाला?

उपाय अवघड नाहीत. वर्गणी समान नसावी, वेतनाच्या प्रमाणात असावी. समान आकड्याने विषम भार पडतो हे तर अंकगणित आहे. दिवस व जागा ठरण्यापूर्वी सर्वांना विचारावे, यात उपासाचे दिवस आले, न पिणारे आले, शेवटच्या बसने घरी जाणाऱ्या महिलाही आल्या. त्या रात्री आमच्या एका सहकारी भगिनीला डिचोलीची बस गाठण्यासाठी गोड पदार्थ येण्यापूर्वीच उठावे लागले, आणि हेही कोणाच्या आधी ध्यानात आले नव्हते.

तो गोड पदार्थ होता ‘फॉय थोंग’, सोन्याचे धागे: अंड्याच्या पिवळ्या बलकाची, साखरेच्या पाकात सोडलेली बारीक तार. पोर्तुगीजांच्या मठांतील हे पक्वान्न; बलकांची हीच उधळण आपल्या बेबिंकमध्येही आहे. थायलंडची परंपरा याचे श्रेय मारिया गुयोमार या स्त्रीला देते. पोर्तुगीज, जपानी आणि बंगाली असे मिश्र रक्त तिच्या अंगात होते. तिचा नवरा फाल्कन हा ग्रीक गृहस्थ सयामच्या राजाचा अत्यंत प्रभावी मंत्री. १६८८ च्या सत्तापालटात त्याचा शिरच्छेद झाला आणि तिला राजवाड्याच्या स्वयंपाकघरात दासी म्हणून राबावे लागले. राजाच्या पंगतीत ज्या मिठाईची वाहवा झाली, ती करणारीला त्या पंगतीत जागा नव्हती. आज तिचे नाव लोकांना ठाऊक आहे, पंगतीला बसलेल्यांपैकी बहुतेकांचे नाही.

निघताना फोरमननी आणखी एक गोष्ट केली होती, ती आम्हांस टेम्पोत बसल्यावर कळली. छापखान्यात गठ्ठे बांधत असलेल्या दोघांसाठी त्यांनी भात आणि मस्समानचे कालवण बांधून घेतले होते. आमच्या टेबलावरचे उरलेले नव्हे. नवे मागवलेले, आणि स्वतःच्या पैशांनी. निरोप त्यांचा होता आणि यजमानपणही त्यांनीच केले. पहाटे तीन वाजता टेम्पो नेहमीप्रमाणे निघाला.

पुढच्या महिन्यात आमच्या मुद्रितशोधक बाई निवृत्त होत आहेत. त्यांनी जागा अद्याप सांगितलेली नाही. कदाचित पुन्हा तेच थाई उपाहारगृह असेल, तुळशीचा वाडगा तेवढा वगळून. यादी पुन्हा फिरेल, आणि रिवाजाप्रमाणे प्रथम आमच्याकडे येईल. या खेपेस सही करण्यापूर्वी आम्ही ती वाचणार आहोत.